'कॉफ अप': अर्थ कळला, पण वजन कळलं का?



उधारी वसुलीच्या व्हिडिओत मी जाता जाता 'कॉफ अप' हा इंग्रजी शब्दप्रयोग वापरला होता. व्हिडिओत घड्याळ बघत बोलावं लागतं, इथे तसं नाही. म्हणून आज या एकाच शब्दजोडीवर निवांत बोलू. विषय इंग्रजीचा वाटला तरी शेवटी तो तुमच्या अडकलेल्या पैशाचा आहे. माझं स्पष्ट मत आहे की आपल्यातले बरेच जण इंग्रजी मेलमध्ये जे कडक शब्द टाकतात, त्यांचा अर्थ त्यांना माहीत असतो, वजन माहीत नसतं. आणि पैशाच्या पत्रव्यवहारात वजन चुकलं की गिऱ्हाईक जातं. पैसे तर आधीच गेलेले असतात.

आधी अर्थ बघू. 'कॉफ' म्हणजे खोकणं. 'कॉफ अप' म्हणजे खोकून आतलं बाहेर काढणं. डॉक्टर विचारतात ना, खोकताना काही पडतं का, रक्त पडतं का? तिथे इंग्रजीत हेच क्रियापद येतं. गंमत अशी की आपण सर्रास 'कफ सिरप' म्हणतो आणि मराठीत कफ म्हणजे छातीत साठलेलं ते चिकट प्रकरण. या दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही. आपला कफ संस्कृतातला, वात-पित्ताचा सख्खा भाऊ. इंग्रजी 'कॉफ' म्हणजे नुसता खोकला. उच्चार 'कॉफ' असाच ठेवा. 'कफ' म्हटलंत तर इंग्रज माणसाला शर्टाच्या बाहीचा कफ ऐकू जाईल.

या खोकल्यातूनच बोलीभाषेतला दुसरा अर्थ निघाला: मनात नसताना, कुरकुरत पैसे देणं. हा अर्थही काही कालचा नाही, सव्वाशे वर्षांपासून तरी वापरात आहे. डोळ्यासमोर चित्र आणा. पैसा घशात अडकलेला आहे. माणूस तो सोडायला तयार नाही. मग त्याला ठसका लागतो, तोंड लाल होतं आणि एकदाची नोट बाहेर पडते. 'ही कॉफ्ड अप द मनी' या पाच शब्दांत हा सगळा तमाशा आहे. 'त्याने पैसे दिले' एवढंच भाषांतर केलंत तर तमाशा गेला, नुसता व्यवहार उरला.

मराठीत याला एकच शब्द नाही, प्रसंगाप्रमाणे वेगवेगळे आहेत. दोस्तांत बोलताना 'झक मारत दिले' हे सगळ्यात जवळचं. जरा सभ्य हवं असेल तर 'खिसा ढिला करावा लागला'. आणि जिथे दंड, फी, दरवाढ असं वरून काही लादलं जातं तिथे 'भुर्दंड'. इंग्रजी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हा शब्द तुम्ही शंभरदा वाचला असेल: पार्किंगसाठी वाहनधारक जादा 'कॉफ अप' करणार, फ्लॅटवाले जादा कर 'कॉफ अप' करणार. तिथे वार्ताहराला 'पैसे भरणार' एवढंच सांगायचं नसतं. 'लोकांना भुर्दंड' असं तो सांगत असतो. तुमचं जीएसटीचं रिटर्न राहिलं आणि दिवसाला ५० रुपयांप्रमाणे लेट फी भरावी लागली, तर 'वुई हॅड टू कॉफ अप द लेट फी' हे अगदी चपखल वाक्य आहे. स्वतःच्या खिशाबद्दल बोलताना हा शब्द बिनधास्त वापरा. कुणाचा अपमान होत नाही.

याची भावंडंही आहेत, ती एकदा बघून ठेवा. 'शेल आउट' आणि 'फोर्क आउट' म्हणजे बरीच रक्कम खर्ची घालणं. तिथे रक्कम डोळ्यात भरते, कुरकुर थोडी कमी. 'पे अप' म्हणजे देणं होतं ते चुकतं करणं. 'चिप इन' म्हणजे वर्गणी. ऑफिसातल्या कुणाचा वाढदिवस आहे, सगळ्यांनी थोडे थोडे काढले, ते 'चिप इन'. यात कुणाच्या घशात काही अडकलेलं नसतं. 'कॉफ अप' या घरातलं तोंडाळ भावंड. अमेरिकन खेळांच्या समालोचनात तर हातातली आघाडी घालवणाऱ्या संघालाही हाच शब्द लावतात. आणि एखाद्याने दडवलेली माहिती शेवटी सांगितली, तरी तिथेही 'कॉफ अप' चालतं. म्हणजे पैसा असो, चेंडू असो की गुपित, जे सोडायचं नव्हतं ते सुटलं, ही त्यातली गोष्ट कायम.

आता एक चूक सांगतो, जी मी धंद्यातल्या माणसांच्या इंग्रजीत वारंवार ऐकतो. 'वुई कॉफ्ड अप टू लाख्स फ्रॉम द पार्टी.' म्हणायचं असतं, पार्टीकडून दोन लाख काढले. पण या क्रियापदात खोकणारा तोच देणारा. 'वुई कॉफ्ड अप' म्हटलं की दोन लाख तुमच्या खिशातून गेले! ही गफलत का होते तेही उघड आहे. आपल्या डोक्यात 'उकळणे' हा शब्द असतो. 'पैसे उकळले' यात कर्ता घेणारा असतो. 'कॉफ अप'मध्ये कर्ता देणारा असतो. तुम्हाला उकळण्याची बाजू सांगायची असेल तर 'वुई मेड देम कॉफ अप' किंवा 'वुई गॉट देम टू कॉफ अप' असं म्हणावं लागेल. भागीदाराला किंवा बँकेच्या माणसाला आलेले पैसे गेलेले म्हणून सांगितलेत, तर पुढचा अर्धा तास खुलासे करण्यात जातो.

व्याकरणाचं अजून एवढंच. 'कॉफ अप द मनी' आणि 'कॉफ द मनी अप' दोन्ही चालतं. पण 'मनी'च्या जागी 'इट' आलं की ते मध्येच बसतं, 'कॉफ इट अप'. 'कॉफ अप इट' कुणी म्हणत नाही. कशासाठी ते सांगायचं तर पुढे 'फॉर' लावा. झालं व्याकरण.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या एका बॅचमध्ये पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एक ताई होत्या. धंदा व्यवस्थित, माल वेळेवर, पण एका मोठ्या पार्टीकडे पावणेदोन लाखांच्या आसपास येणं अडकलेलं. फोन करून कंटाळल्या होत्या. त्यांनी मेल लिहिला आणि पाठवायच्या आधी मला मोबाइल दाखवला. पहिलंच वाक्य होतं, 'काइंडली कॉफ अप द पेंडिंग अमाउंट बाय फ्रायडे.' मी विचारलं, ताई, हा शब्द कुठून घेतला? त्या म्हणाल्या, एका वेब सिरीजमध्ये ऐकला, मोबाइलवर अर्थ बघितला, 'पैसे देणे' असा दिला होता. सुरुवातीला 'काइंडली' लावलंय, म्हणजे उद्धट वाटणार नाही.

मी म्हटलं, हेच वाक्य मराठीत त्या पार्टीच्या मालकांना तोंडावर म्हणून बघा: 'कृपया शुक्रवारपर्यंत पैसे ओका.' वर्ग हसला, ताईही हसल्या. पण त्या हसण्यातच सगळं आलं. 'कृपया' लावल्याने 'ओका' मऊ होत नाही, उलट टोमणा होतो. 'काइंडली' आणि 'कॉफ अप' एका वाक्यात आले की इंग्रजी वाचणाऱ्यालाही तसंच ऐकू येतं. चार मित्र हॉटेलात बसलेत, बिल आलंय, एक जण खिशात हात घालत नाहीये, तेव्हा 'कम ऑन, कॉफ अप!' ठीक आहे. तिथे सगळे एका पायरीवर असतात. पुरवठादाराने ग्राहकाला लिहिलं की त्याचा अर्थ होतो: तू पैसे दाबून बसलायस आणि मी तुझा गळा धरलाय.

परक्या भाषेतली शिवी आपल्याला लागत नाही, हे तुम्हीही अनुभवलं असेल. जी इंग्रजी शिवी आपली पोरं घरात सहज उच्चारतात, तिचं मराठी भाषांतर आजीसमोर उच्चारायची त्यांची हिंमत होणार नाही. कारण मराठी शब्दामागे लहानपणापासूनचे डोळे वटारणं, धपाटे, लाज असं सगळं साठलेलं असतं. इंग्रजी शब्दामागे फक्त शब्दकोशातली एक ओळ असते. अनौपचारिक शब्दांचं नेमकं हेच होतं. शब्दकोश अर्थ देतो आणि कंसात बारीक अक्षरात 'अनौपचारिक' असं लिहून मोकळा होतो. आपण ते बारीक अक्षर वाचतच नाही. म्हणून माझी साधी कसोटी आहे: इंग्रजीत टाइप केलेलं वाक्य मराठीत करा, जितकं शिवराळ किंवा जितकं लाडिक निघेल तसंच करा, आणि समोरच्याच्या ऑफिसात त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसून ते तुम्ही म्हणाल का, हे स्वतःला विचारा. नसाल म्हणणार, तर पाठवू नका.

पण आपण कडक व्हायला इंग्रजीकडे जातोच का? याचं उत्तर मला आपल्या मराठी वसुलीत दिसतं. आपण पैसे मागताना 'पैसे' हा शब्दच उच्चारत नाही. 'शेठ, आमचं तेवढं बघा की.' 'साहेब, त्या बिलाचं काय झालं?' 'जमलं तर या आठवड्यात...' आणि वाक्य तिथेच सोडून देतो. स्वतःच्या घामाचे पैसे मागताना चोरी केल्यासारखा चेहरा! मराठीत सरळ मागितलं की भांडण केल्यासारखं वाटतं, नातं तुटेल असं वाटतं. दुकानदार बिचारे 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी लावतात, म्हणजे नाही म्हणायचं काम पाटीने करावं. तसंच आपण कडकपणाचं काम इंग्रजीवर सोपवतो. काठी उसनी आणायची, आणि ती किती जड आहे हे माहीत नसताना फिरवायची. मग एक तर ती फार जोरात लागते, नाही तर लागतच नाही.

लागतच नाही, याचंही उदाहरण तुमच्या सेंट बॉक्समध्ये आहे. 'जेंटल रिमाइंडर.' मग आठ दिवसांनी 'जेंटल रिमाइंडर टू'. मग 'काइंडली डू द नीडफुल'. माझ्या मते हे 'कॉफ अप'पेक्षाही जास्त नुकसान करतं, कारण 'कॉफ अप' लिहिणारा क्वचित भेटतो आणि 'जेंटल' लिहिणारे आपण सगळे. 'नीडफुल' म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या अकाउंट्सवाल्याला कळत नाही. त्याच्यासमोर शंभर पुरवठादारांची बिलं असतात. ज्या मेलमध्ये बिल नंबर नाही, तारीख नाही, रक्कम नाही, तो मेल तो वाचतो आणि खाली ढकलतो. यात त्याचा दुष्टपणा असतोच असं नाही. पुष्कळदा तुमचं बिल मंजुरीला गेलेलंच नसतं, किंवा चलानावर सही राहिलेली असते.

नीट बघितलं तर ही दोन टोकं सारखीच आहेत. एक म्हणतं, तुझ्या मनात द्यायचं नाही पण तू दे. दुसरं म्हणतं, तुझ्या मनात आलं तर दे. दोघांचं लक्ष समोरच्याच्या मनावर. तुमच्या पत्रात त्याच्या मनाचा विषयच कशाला हवा? विषय बिलाचा आहे. 'पेमेंट ऑफ रुपीज ८६,४०० अगेन्स्ट इन्व्हॉइस नंबर २१४ वॉज ड्यू ऑन १२ जून. प्लीज कन्फर्म द डेट ऑफ ट्रान्सफर.' दोन वाक्यं. यात विनवणी नाही, टोमणाही नाही. आणि शेवटी एक प्रश्न आहे ज्याचं उत्तर तारखेतच द्यावं लागतं. त्या ताईंनी शेवटी असाच मेल केला. उत्तर आलं की बिलावर पर्चेस ऑर्डरचा नंबरच नव्हता, म्हणून ते बाजूला पडलं होतं. नंबर घालून बिल परत पाठवल्यावर पैसे दोन हप्त्यांत आले. प्रत्येक वेळी इतकं सोपं नसतं, हे मलाही माहीत आहे. काही पार्ट्या खरोखरच दाबून बसतात.

तशांसाठी आपल्याकडे म्हण आहे, नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. 'कॉफ अप'चं चित्र आणि या म्हणीचं चित्र किती जवळ आहे बघा! फक्त नाक शब्दांनी दाबलं जात नाही. ते कसं दाबायचं, हे २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यात लिहिलेलं आहे, आणि अजूनही कितीतरी जणांना ते माहीत नसतं. तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु असेल तर खरेदीदाराने ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे. करारात काहीही लिहिलं तरी ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. लेखी करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. ती ओलांडली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दरमहा चक्रवाढ. तरी देत नसतील तर राज्यातल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे प्रकरण नेता येतं.

त्यात २०२३ च्या वित्त कायद्याने अजून एक चिमटा काढला, तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदत उलटूनही वर्षअखेरीला थकलेलं असेल, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच ती वजावट मिळते. म्हणजे तुमचे पैसे दाबून ठेवले तर त्याचा त्या वर्षीचा कर वाढतो. मोठ्या कंपन्यांचे सीए मार्च महिन्यात पुरवठादारांकडे उद्यम सर्टिफिकेट का मागत फिरतात, ते यामुळे. इथे एक खाचखळगा आहे. मध्यम उद्योगांना हे लागू नाही. आणि व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी होत असली तरी ती अग्रक्रमाच्या कर्जापुरती, उशिराच्या पेमेंटचं संरक्षण त्यांना त्यातून मिळत नाही. तुम्ही उत्पादन किंवा सेवा देत असाल तर मात्र उद्यम नंबर बिलावर छापा, बिलाच्या तळाशी एका ओळीत मुदत लिहा, आणि तिसऱ्या पत्रात कायद्याचं नाव शांतपणे घ्या. 'अ‍ॅज पर सेक्शन फिफ्टीन' या शब्दांत शिवी नाही, पण वजन किती आहे बघा. हे वजन मोजता येतं, आणि समोरचाही ते बरोबर तेवढंच मोजतो.

काही जण म्हणतील, एवढं कायद्याचं बोललं की पुढची ऑर्डर बंद. ही भीती खोटी नाही. ज्या उद्योगाची ८० टक्के विक्री एकाच पार्टीला आहे, त्याला मी उद्या नोटीस पाठवा असं सांगणार नाही. तिथे दुखणं भाषेचं नाही, एकाच पार्टीवर टांगलेल्या धंद्याचं आहे, आणि त्यावर वेगळा व्हिडिओ आहे. पण बिल नंबर, रक्कम आणि तारीख लिहिलेल्या दोन वाक्यांमुळे कुणाची ऑर्डर गेलेली मी तरी पाहिलेली नाही.

आता दुसऱ्या बाजूने. येण्याबद्दल इतकं बोललो, तर देण्याबद्दलही बोलायला हवं. मी काही मालकांच्या तोंडी ऐकलंय, 'दर महिन्याला पगाराचे तीन लाख कॉफ अप करावे लागतात.' शब्दप्रयोग व्याकरणात बसतो, आणि म्हणूनच तो ऐकताना मला टोचतो. पगार हा भुर्दंड नाही. तो घशात अडकत असेल तर ते त्या मालकाच्या नियोजनाबद्दल सांगतं, कामगाराबद्दल काहीच नाही. तेच छोट्या पुरवठादाराबद्दल. तुम्हाला ४५ दिवसांत पैसे हवेत, आणि तुमचा टेम्पोवाला, तुमचा डाय बनवणारा, तुमच्याकडे जॉब वर्क करणारी घरगुती युनिटवाली बाई यांना मात्र तुम्ही 'बघू, पुढच्या आठवड्यात' म्हणता? त्यांच्या घरी संध्याकाळी तुमच्याबद्दल हेच क्रियापद मराठीत वापरलं जातं. 'मागं लागलो तेव्हा कुठं झक मारत दिले.' पेनल्टी, लेट फी, टोइंगचा दंड, यांना 'कॉफ अप' खुशाल म्हणा. कुणी केलेल्या कामाच्या मोबदल्याला इंग्रजीत साधं 'पे' आहे, मराठीत 'देणं' आहे, ते पुरेसं आहे.

पुढच्या व्हिडिओत 'राइट ऑफ' घेतोय. वहीतून उधारी काढून टाकणं म्हणजे ती माफ करणं नव्हे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि पार्टीला ते कळू द्यायचं की नाही हा तर अजून मोठा प्रश्न आहे. तोवर आजचं एक काम करा. सेंट बॉक्स उघडा, 'जेंटल' शब्द शोधा, आणि त्यातल्या किती मेलमध्ये बिल नंबर आहे ते मोजा.